माशांच्या उवा : मामा तलावांतील परजीवींची ओळख आणि उपचार

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील तलावांचे पाणी फेब्रुवारीपासून ओसरू लागते आणि उरलेल्या पाण्यात मासळी दाटीने राहू लागते. याच सुमारास जाळ्यात आलेल्या रोहूच्या अंगावर कधी लालसर ठिपके दिसतात, कधी खवले सैल होऊन गळालेले आढळतात. मासा हातात घेऊन उन्हात तिरपा धरला, तर मसुराच्या डाळीएवढे चपटे, हिरवट आणि जवळजवळ पारदर्शक प्राणी कातडीवरून भराभर सरकताना दिसतात. शास्त्रीय भाषेत हा 'आर्ग्युलस'. साध्या भाषेत माशांच्या उवा. मुलचेरा व चामोर्शी तालुक्यांत वसलेल्या बंगाली कुटुंबांत त्यांना 'उकुन' म्हणतात. त्याचाही अर्थ ऊ असाच होतो.

उवा पडलेला मासा लगेच मरत नाही. तो चरणे कमी करतो, वाळतो, त्याच्या जखमांत जिवाणू शिरतात आणि बाजारात आला तरी अंगावरील डागांमुळे त्याला भाव मिळत नाही. तलावाचा ठेका घेतलेल्या धीवरांच्या सहकारी संस्थेचे वर्षभराचे उत्पन्न याच मासळीवर अवलंबून असते. त्यामुळे रोग दिसताच काहीतरी औषध टाकावे, अशी घाई होणे स्वाभाविक आहे. मात्र ज्या पाण्यात औषध टाकायचे, तेच पाणी गुरे पितात, त्याच पाण्यावर शिंगाडा वाढतो आणि धानाच्या बांध्याही भिजतात. माशांवरील परजीवींचा विचार करताना ही अडचण सतत ध्यानात ठेवावी लागते.

मामा तलाव आणि बाहेरून येणारे बीज

पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत मिळून सहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. गोंड राजवटीत आणि त्यानंतर यांतील बरेचसे तलाव बांधले गेले. या कामात कोहळी समाजाचे कौशल्य विशेष मानले जाते. पुढे ते मालगुजारांच्या ताब्यात राहिले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव शासनाकडे आले. तेव्हापासून 'माजी मालगुजारी' या शब्दांतील आद्याक्षरे घेऊन त्यांना 'मामा तलाव' म्हटले जाते. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली, आरमोरी, कुरखेडा अशा तालुक्यांत गावाला किमान एक तलाव असणे ही सामान्य गोष्ट आहे. घोडाझरी व आसोलामेंढा हे मोठे जलाशय ब्रिटिश काळातील आहेत.

या तलावांत मरळ, वाम, झिंगे आणि अनेक लहान स्थानिक मासे पूर्वापार आहेत. व्यापारी मत्स्यशेतीसाठी मात्र मुख्यतः कटला, रोहू व मृगळ सोडले जातात. हे तिन्ही मासे नदीत वाढणारे असून तलावाच्या साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात पियूषिका ग्रंथीच्या अर्काची सुई देऊन या माशांचे प्रजनन घडवून आणले. तेव्हापासून तलावांसाठी बीज तयार करणे शक्य झाले. दरवर्षी १० जुलैला पाळला जाणारा राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन त्याचीच आठवण आहे.

या शोधाने तलावांचे उत्पन्न वाढले, पण त्याची एक दुसरी बाजूही आहे. बीज दरवर्षी बाहेरून आणावे लागते. प्राणवायू भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून ते जिल्ह्याबाहेरून, कधी राज्याबाहेरूनही येते आणि एका तलावातील परजीवी दुसऱ्या तलावात जाण्याचा तो सर्वांत सोपा रस्ता ठरतो. पिशवीतील बोटुकलीवर चिकटलेली एखादी ऊ, किंवा त्याच पाण्यातून आलेली तिची पिल्ले, संपूर्ण तलावात बस्तान बसवण्यास पुरेशी असतात. ओली जाळी आणि पाणवनस्पती यांतूनही प्रसार होतो.

उवेचे जीवनचक्र

आर्ग्युलस हा कीटक नाही. झिंगे आणि खेकडे ज्या कवचधारी प्राण्यांच्या वर्गात मोडतात, त्याच वर्गातील तो आहे. औषधाचा प्रश्न पुढे याच नात्यापाशी अडतो. त्याच्या डोक्याखाली पेल्यासारख्या दोन चूषकांची जोडी असते. तिच्या साहाय्याने तो माशाला घट्ट धरतो, सुईसारखा अवयव कातडीत खुपसतो आणि रक्त व शरीरद्रव शोषतो. त्याचे दोन काळे डोळे नुसत्या नजरेलाही दिसतात. परांच्या मुळाशी, कल्ल्यांच्या झाकणाजवळ आणि पोटाखाली तो अधिक सापडतो. भारतीय मत्स्यशेतीत आर्ग्युलस सियामेन्सिस या जातीचा उपद्रव सर्वाधिक असून तिचा सर्वाधिक त्रास रोहूला होतो.

हा परजीवी आयुष्यभर माशाला चिकटून राहत नाही. अंडी घालण्यासाठी मादी मासा सोडते आणि दगड, लाकडाचे खुंट, पाणवनस्पतींचे देठ अशा टणक पृष्ठभागावर ओळीने शेकडो अंडी चिकटवते. ही अंडी उबदार पाण्यात साधारण दोन ते तीन आठवड्यांत फुटतात. बाहेर आलेल्या पिल्लांना काही दिवसांतच मासा सापडावा लागतो, अन्यथा ती मरतात. अंड्यांवर कोणत्याही प्रचलित औषधाचा परिणाम होत नाही. एकदा औषध दिल्यावर तलाव स्वच्छ झाल्यासारखा वाटतो आणि तीन आठवड्यांनी उवा पुन्हा दिसतात, त्याचे कारण हेच आहे. अशा वेळी औषध भेसळीचे होते असा ग्रह होतो व मात्रा वाढवली जाते. वास्तविक ते पहिलेच औषध असते, फक्त नवी पिढी बाहेर आलेली असते.

इतर परजीवी

उवांच्या खालोखाल 'लर्निया' हा परजीवी आढळतो. त्याला नांगर कृमी म्हणतात. तो कृमी नसून आर्ग्युलसप्रमाणेच कवचधारी आहे. मादीचे डोके नांगरासारखे फाटलेले असते व ते माशाच्या मांसात रुतून बसते. बाहेर सुताच्या तुकड्यासारखे शरीर लोंबते आणि टोकाला अंड्यांच्या दोन पिशव्या दिसतात. कटल्यावर तो विशेष आढळतो. नुसते ओढून काढल्यास डोके आत राहते आणि जखम चिघळते.

कल्ल्यांवरील पट्टकृमी डोळ्यांना दिसत नाहीत. 'डॅक्टिलोगायरस' कल्ल्यांत राहून अंडी घालतो. 'गायरोडॅक्टिलस' कातडीवर राहतो आणि थेट पिल्लांना जन्म देतो, त्यामुळे त्याची संख्या फार वेगाने वाढते. असे मासे कल्ले फाकवून धाप लागल्यासारखा श्वास घेतात. कल्ल्यांचा रंग फिका पडतो व त्यांवर चिकट स्राव साचतो. 'ट्रायकोडिना' हा बशीच्या आकाराचा एकपेशीय जीव लहान बोटुकलीचा मोठा शत्रू आहे. दाट भरलेल्या संगोपन तळ्यांत तो हमखास आढळतो.

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग घरच्या काचेच्या टाकीत सर्वाधिक परिचित आहे. 'इक्थिऑफ्थिरिअस' हा एकपेशीय जीव कातडीच्या आत शिरून वाढतो व माशाच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे दिसते. पूर्ण वाढ झाल्यावर तो मासा सोडून तळाशी कोष करतो. एका कोषातून शेकडो नवे जीव बाहेर पडतात आणि त्यांना एक-दोन दिवसांत मासा गाठावा लागतो. औषधाचा मारा त्यांच्यावर याच अवस्थेत चालतो. कातडीतील ठिपक्याला औषध भिडत नाही. हा जीव फार उष्ण पाण्यात तगत नाही. उन्हाळ्यात ४५ अंशांच्या वर जाणाऱ्या चंद्रपुरात तो मुख्यतः हिवाळ्याचा पाहुणा ठरतो.

'मिक्सोबोलस' आणि त्याच्या जवळच्या जाती कल्ल्यांवर व खवल्यांवर तांदळाच्या कणीएवढ्या पांढऱ्या गाठी निर्माण करतात. त्यांवर भरवशाचे औषध नाही. बाधित मासे काढून टाकणे आणि तळे उन्हात वाळवणे एवढेच हाती राहते. काही माशांच्या अंगावर खसखशीसारखे काळे ठिपके दिसतात, ते एका पट्टकृमीच्या अळ्यांचे कोष असतात. या कृमीचे आयुष्य गोगलगाय, मासा आणि मासे खाणारा पक्षी अशा तीन घरांत विभागलेले असते. म्हणून बगळे व पाणकावळे हुसकावण्याचा सल्ला अधूनमधून दिला जातो. जंगलाच्या कडेच्या तलावांवर तो अव्यवहार्य आहे आणि अनावश्यकही आहे, कारण अशा ठिपक्यांनी माशाचे फारसे नुकसान होत नाही.

एका रोगाची गणना चुकून परजीवींत केली जाते. हिवाळ्यात मरळ, मृगळ आणि स्थानिक लहान माशांच्या अंगावर खोल, लाल व्रण पडतात. १९८८ मध्ये ईशान्य भारतातून देशात शिरलेल्या या व्रणरोगाचे मूळ 'अफॅनोमायसीस इनव्हाडन्स' हा बुरशीसदृश जीव आहे. त्यावर कीटकनाशकाचा काडीचाही उपयोग होत नाही. भुवनेश्वरजवळील कौशल्यागंगा येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने यासाठी 'सिफॅक्स' हे औषध विकसित केले. एक हेक्टर क्षेत्र व एक मीटर खोलीच्या पाण्यास एक लिटर अशी त्याची मात्रा असून सोबत चुना देणेही उपयोगी पडते.

निदान कसे करावे

मासे पाण्यावर येऊन तोंड उघडझाप करीत असल्यास परजीवींचा संशय घेण्यापूर्वी घड्याळ पाहावे. पहाटे सर्वच जातींचे मासे वर येत असतील आणि ऊन चढल्यावर खाली जात असतील, तर पाण्यात प्राणवायू कमी आहे, असे समजावे. रात्री शेवाळ व पाणवनस्पती प्राणवायू वापरतात, म्हणून असे घडते. अशा वेळी टाकलेले कोणतेही औषध मासे मरण्याचे कारण ठरू शकते. याउलट दुपारीही मासे खुंटाला, दगडाला अंग घासत असतील, पाण्याबाहेर उसळ्या मारीत असतील व येणाऱ्या ताज्या पाण्याच्या तोंडाशी गोळा होत असतील, तर परजीवींचा शोध घ्यावा.

तपासणीसाठी जिवंत मासे घ्यावेत. मासा मेला की उवा त्याला सोडून जातात आणि एकपेशीय जीवही लवकर नष्ट होतात. काठावर आलेला मेलेला मासा प्रयोगशाळेत नेल्यास बहुधा काहीच सापडत नाही. तलावाच्या वेगवेगळ्या भागांतून, वेगवेगळ्या जातींचे आठ-दहा मासे पकडून परांची मुळे, कल्ल्यांची आतली बाजू व पोट पाहावे. कल्ले गर्द लाल असावेत. काचपट्टीने अंगावरील चिकट स्राव हलकेच खरवडून तलावाच्याच पाण्याच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर साध्या शालेय सूक्ष्मदर्शकावरही ट्रायकोडिनाची फिरती चकती आणि इक्थिऑफ्थिरिअसचे घोड्याच्या नालाच्या आकाराचे केंद्रक ओळखता येते. प्रत्येक माशावर किती उवा आहेत, हे मोजून लिहून ठेवावे. पुढे उपाय लागू पडला की नाही, हे ठरवण्यास दुसरे साधन नाही.

अशा माशांचे काय करावे, हा ग्राहकांचा नेहमीचा प्रश्न असतो. उवा, नांगर कृमी वा पांढरे ठिपके माणसाला लागत नाहीत. मासा ताजा असेल आणि नीट शिजवला असेल, तर तो खाण्यास हरकत नाही. खोल व्रण पडलेला किंवा पूर्ण ताजा नसलेला मासा मात्र घेऊ नये. तलावात अलीकडेच औषध टाकले असेल, तर प्रश्न परजीवीचा राहत नाही. तो औषधाच्या अंशाचा होतो.

कीटकनाशकाचा मोह

उवांवर देशभर वर्षानुवर्षे शेतीचीच कीटकनाशके वापरली गेली. डायक्लोरव्हॉस हे त्यांतील सर्वांत परिचित नाव. केंद्र सरकारच्या २०१८ च्या आदेशानुसार ३१ डिसेंबर २०२० पासून त्यावर बंदी आहे. त्यानंतर सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन यांसारख्या द्रव्यांकडे अधिक लक्ष गेले. कापूस व धानावरील फवारणीमुळे ती खेड्यापाड्यांतील दुकानांत सहज मिळतात. उवा त्यांनी मरतात, यात शंका नाही. तथापि ऊ ही झिंग्याची नातलग आहे. उवेला मारणारे द्रव्य झिंग्याला सोडत नाही. कटला ज्या सूक्ष्म प्राणिप्लवकांवर वाढतो, त्यांतही मुख्यतः याच वर्गातील जीव असतात. म्हणजे रोहूच्या उवा काढताना कटल्याचे अन्न संपते आणि गावातील गरीब घरांना फुकट मिळणारे झिंगे नाहीसे होतात. मात्रा थोडी चुकली तर मासेही मरतात, कारण ही द्रव्ये माशांना फारच अल्प प्रमाणात घातक ठरतात.

शिवाय मात्रा चुकण्याचीच शक्यता अधिक असते. औषधाचे प्रमाण क्षेत्र व खोली यांवरून काढावे लागते आणि मामा तलावाची खोली पाळीजवळ एक, वरच्या अंगाला दुसरी असते. गाळ साचल्याने कागदावरील आकडे निरुपयोगी झालेले असतात. पावसाळ्यानंतर मोजलेले पाणी मार्चमध्ये निम्मेही राहत नाही. काचेच्या टाकीत जी गोष्ट चमच्याने मोजता येते, ती वीस-पंचवीस हेक्टरांच्या तलावात अंदाजाने करणे धाडसाचे आहे. विषारी द्रव्याने मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासून गुन्हा मानले गेले आहे. उपचाराच्या हेतूने ओतलेले विष पाण्याला मात्र वेगळे कळत नाही.

खाद्यातून देण्याची औषधेही आहेत. त्यांतील द्रव्य माशाच्या रक्तातून उवेपर्यंत पोहोचते, त्यामुळे पाण्यात ओतण्यापेक्षा ती अधिक सुरक्षित वाटतात. बंदिस्त, नियमित खाद्य दिल्या जाणाऱ्या तळ्यांत त्यांचा उपयोग होतो. मामा तलावातील मासा नैसर्गिक अन्नावर जगतो. आजारी मासा तर टाकलेले खाद्य खातच नाही. अशी औषधे मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्याच्या किंवा मत्स्यतज्ज्ञाच्या लेखी सल्ल्यानेच वापरावीत आणि ठरलेले दिवस उलटेपर्यंत मासे विक्रीस काढू नयेत.

बांबू, ऊन आणि मीठ

उवेचे जीवनचक्र नीट पाहिले, तर तिचा दुबळा बिंदू लक्षात येतो. अंडी घालण्यासाठी तिला टणक पृष्ठभाग हवा असतो. चिखलाच्या तळाच्या तलावात असे पृष्ठभाग मर्यादित असतात. तेथे बांबूच्या तट्ट्या किंवा लाकडी फळ्या उभ्या रोवून ठेवल्या, तर माद्या त्यांवर अंडी घालतात. दर आठवड्याला त्या बाहेर काढायच्या, अंडी खरवडून टाकायची आणि तट्ट्या कडक उन्हात पूर्ण वाळवून पुन्हा रोवायच्या. अंडी फुटण्यास किमान दोन आठवडे लागत असल्याने आठवड्याचा नेम पाळला, तर पुढची पिढी पाण्यात उतरत नाही. नेम चुकला तर याच तट्ट्या उवांचे पाळणाघर होतात. बांबूसाठी प्रसिद्ध असलेल्या गडचिरोलीत तट्ट्यांचा खर्च जवळजवळ नसतो. लागते ती फक्त चिकाटी. या उपायाने उवा समूळ जात नाहीत, पण माशाला सोसवेल इतक्या कमी होतात. मोठ्या तलावात एवढे साधले तरी पुष्कळ झाले.

दुसरा उपाय उन्हाचा. उन्हाळ्यात आटणाऱ्या तलावाचा तळ भेगा पडेपर्यंत तापला, की उवांची अंडी, कोष व लहान गोगलगायी मोठ्या प्रमाणावर नष्ट होतात. गाळ काढण्याचे काम याच दिवसांत होत असल्यास ते अधिक लाभदायक ठरते. त्यानंतर मातीचा सामू पाहून हेक्टरी साधारण २०० ते २५० किलो चुना पसरावा. बारमाही तलावांत हे शक्य नसते. तेथे निदान पाणी घटू लागताच मोठे मासे टप्प्याटप्प्याने काढून दाटी कमी करावी. उवांचा जोर दाटीवर अवलंबून असल्याने लवकर केलेली विरळ मासेमारी हाच अनेकदा उत्तम उपचार असतो आणि त्यातून पैसाही हाती येतो.

मोहाच्या पेंडीचाही उल्लेख या संदर्भात होतो. हेक्टरी एक मीटर खोलीस सुमारे २,५०० किलो या प्रमाणात ती नको असलेले मासे मारण्यासाठी वापरतात. तिचा विषारी परिणाम दोन ते तीन आठवडे टिकतो व नंतर ती खत बनते. बीज सोडण्यापूर्वी छोटी संगोपन तळी साफ करण्यास ती योग्य आहे. मामा तलावात मात्र तिचा वापर म्हणजे मरळ, वाम आणि इतर सर्व स्थानिक मासळीचा संहार होय. मोह जंगलातलाच आहे एवढ्याने त्याची पेंड निरुपद्रवी ठरत नाही.

सर्वांत स्वस्त उपाय बीज सोडण्याच्या दिवशी करायचा असतो. पिशवी तलावाच्या पाण्यावर अर्धा तास तरंगत ठेवून आतील तापमान बाहेरच्याशी जुळू द्यावे. नंतर बोटुकली एका टबात लिटरमागे २० ते ३० ग्रॅम साध्या मिठाच्या पाण्यात दोन ते पाच मिनिटे बुडवून काढावी. एखादी बोटुकली कलंडू लागताच सर्वांना ताबडतोब साध्या पाण्यात घ्यावे. मिठामुळे एकपेशीय परजीवी व पट्टकृमी पुष्कळ अंशी गळून पडतात. पूर्ण वाढलेली ऊ एवढ्याने मरेलच असे नाही, म्हणून टबातील बोटुकलीवर नजर फिरवून उवा दिसणारी खेप परत करावी. पिशवीतील पाणी तलावात ओतू नये. ते पाळीपलीकडे कोरड्या जमिनीवर टाकावे. पावसाच्या झडीत, रांगेत उभ्या असलेल्या पिशव्या उतरवताना नेमकी हीच काळजी सुटते.

काचेच्या टाकीतील तोच पेच

शहरात मासे पाळणाऱ्यांना हा पेच वेगळ्या रूपात भेटतो. २००३ च्या 'फाइंडिंग निमो' चित्रपटानंतर नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाउनफिश जगभर लोकप्रिय झाला. खाऱ्या पाण्याच्या टाकीत त्याच्यासोबत समुद्रफूल, प्रवाळ आणि झिंगे ठेवले जातात. त्याच्या अंगावर दिसणारे परजीवी मुख्यतः तीन. मिठाच्या दाण्यासारखे सुटे ठिपके असतील तर 'क्रिप्टोकॅरिऑन'. सोनेरी धुळीसारखा बारीक थर आणि जलद श्वास असेल तर 'अमायलोओडिनियम'. अंगावरून पांढुरक्या स्रावाचे पापुद्रे सुटत असतील तर 'ब्रूकलिनेला'. शेवटचा क्लाउनफिशला इतका जडतो की त्याला याच माशाच्या नावाने ओळखतात, आणि तो काही दिवसांत प्राण घेतो.

पहिल्या दोहोंवर तांबे लागू पडते. त्याची मात्रा लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम इतकी अल्प असून ती रोज तपासावी लागते. ब्रूकलिनेलावर तांबे निरुपयोगी आहे. तेथे फॉर्मेलिनचे स्नान द्यावे लागते व ते जाणकाराच्या देखरेखीखालीच द्यावे. परंतु तांब्याने समुद्रफूल, प्रवाळ व झिंगे मरतात. म्हणून औषध मुख्य टाकीत कधीच टाकत नाहीत. सर्व मासे वेगळ्या साध्या टाकीत हलवून तेथे उपचार करतात. क्रिप्टोकॅरिऑन असल्यास मुख्य टाकी किमान सहा आठवडे आणि सावध पाळणारे तर अकरा आठवड्यांपर्यंत माशांविना ठेवतात. कोषातून बाहेर आलेल्या जीवांना मासा न मिळाल्याने ते आपोआप संपतात. गोड्या पाण्याच्या टाकीतील पांढऱ्या ठिपक्यांवर मीठ आणि तापमानातील हळूहळू वाढ यांचा उपयोग होतो. खाऱ्या पाण्यातील ठिपके दिसायला तसेच असले तरी तो जीव वेगळा असल्याने मिठाचा तेथे प्रश्नच येत नाही.

टाकीवाल्याला मासे बाजूला काढता येतात, तलावावरील संस्थेला ते काढता येत नाहीत. आजारी आणि निरोगी, विकायचे आणि घरी खायचे, परजीवी आणि त्यांचे नातलग असे सगळे एकाच पाण्यात राहतात. नव्या माशांना तीन-चार आठवडे वेगळे ठेवण्याचा टाकीवाल्यांचा नियम मात्र तलावासाठीही घेता येतो. पाळीलगतच्या छोट्या तळ्यात बीज आधी वाढवून, तपासून मगच मुख्य तलावात सोडण्याची पद्धत हीच आहे.

निर्णय कोणाचा, मदत कोठे

तलाव एकाच संस्थेच्या ठेक्यात असला, तरी पाणी गावाचे असते. २००६ च्या वनहक्क कायद्यात जलाशयांतील मासे व इतर उत्पादनांवरील सामुदायिक हक्कांचा स्पष्ट उल्लेख आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यापासून गडचिरोलीतील अनेक ग्रामसभांनी असे हक्क मिळवले आहेत. अशा ठिकाणी तलावात कोणते द्रव्य टाकायचे, हे ग्रामसभेत सांगून ठरवणे योग्य होय. किती दिवस गुरे पाजायची नाहीत, शिंगाडा कधी काढायचा आणि बांध्यांना पाणी कधी सोडायचे, हे आधी कळले तरच धोका टळतो.

निदानासाठी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाशी संपर्क साधावा. सिंदेवाही आणि गडचिरोलीजवळील सोनापूर येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत, तर नागपूर येथे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे. जलचर प्राण्यांच्या रोगांवर देखरेख ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१३ पासून सुरू असून २०२३ मध्ये त्याला जोडून 'रिपोर्ट फिश डिसीज' हे मोबाइल ॲप आणले गेले. त्यावर आजारी माशाचे छायाचित्र व ठिकाण कळवता येते. छायाचित्र घेताना माशाची संपूर्ण बाजू, उघडलेले कल्ले आणि शेजारी मापासाठी एक नाणे असावे. परजीवी पाठवायचे असल्यास ते ७० टक्के मद्यार्कात लहान बाटलीत ठेवावेत. बाटलीवर तलावाचे नाव, तारीख, माशाची जात आणि त्या महिन्यात तलावात काय काय टाकले होते, हे लिहावे.